अण्णांनी स्वयंपाकघर विद्यापीठात नेलं

जून उजाडला की आमच्या कर्वेनगरात सकाळी रिक्षा मिळणं म्हणजे लॉटरीच! शाळा-कॉलेजं उघडलेली, पाठीला सॅक अडकवलेल्या मुलींचे घोळके रस्त्यावर आणि झेरॉक्सच्या दुकानापुढे ॲडमिशनच्या कागदांसाठी रांग. अशाच एका शनिवारी संध्याकाळी माझा धाकटा भाऊ लेकीला घेऊन घरी आला. चहा होईपर्यंत दोघांची तोंडं दोन दिशांना. मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

भाची नुकतीच पदवीधर झाली. तिला पुढे एम.एस्सी. करायचंय, तेही कम्युनिटी अँड पब्लिक हेल्थ न्यूट्रिशनमध्ये. म्हणजे समाजाचं पोषण आणि सार्वजनिक आरोग्य असा विषय. भावाचं म्हणणं, त्यापेक्षा एम.बी.ए. कर नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. दोन वर्षं फी भरून शेवटी लोकांना पालेभाजी खा म्हणूनच सांगायचं ना, ते तर आपली आई जन्मभर फुकट सांगत होती. ताई, तूच समजाव हिला, तूही त्याच लाइनची होतीस, काय उपयोग झाला, असंही तो सहज बोलून गेला.

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला हसू आलं आणि त्याच वेळी आत कुठेतरी टोचलंही. मी होम सायन्सची पदवीधर. पस्तीसेक वर्षांपूर्वी ही पदवी घेतली तेव्हा मी ती सांगताना आवाज जरा खालीच ठेवायचे. शेजारणी म्हणायच्या, पोळ्या लाटायची परीक्षा असते का गं तुमच्यात? कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मात्र सासरची मंडळी खूश. मुलगी स्वयंपाकात तयार असणार! प्रथिनं, जीवनसत्त्वं, गरोदरपणातला आहार, बालविकास असं सगळं शिकून आलेल्या मला पहिला प्रश्न विचारला गेला तो पुरणपोळी येते का, हा. पुढे संसारात ती पदवी कपाटातल्या फाइलमध्ये गेली ती गेलीच.

भावाला मी तेव्हा काहीच उत्तर दिलं नाही. रविवारी सकाळी मात्र दोघांना घेऊन फिरायला निघाले. दहा मिनिटांवर महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं आवार आहे. तिथे अण्णांच्या झोपडीची आठवण जपून ठेवली आहे. अण्णा म्हणजे धोंडो केशव कर्वे. आपण रोज पत्त्यात त्यांचं नाव लिहितो, बसच्या पाटीवर वाचतो, आणि विधवाविवाह केला, शंभरी ओलांडली, भारतरत्न मिळालं, एवढ्यावर विसरून जातो. आमच्या घरातल्या भांडणाशी या माणसाचा किती जवळचा संबंध आहे, हे मलाही फार उशिरा समजलं.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवली गावचा. लहानपण गेलं दापोलीजवळच्या मुरुडला. घरची परिस्थिती बेताची. शिकायची ओढ एवढी की परीक्षेला बसायचं म्हणून हा मुलगा ऐन पावसात घाट चढून मुरुडहून साताऱ्याला पायी गेला. शंभर मैलांहून जास्त वाट! आणि तिथे पोचल्यावर परीक्षकांनी वयानं लहान दिसतोस म्हणून परत पाठवलं. दुसरा एखादा रडून घरी बसला असता. यानं पुढे परीक्षा दिल्या, तेविसाव्या वर्षी मॅट्रिक झाला आणि १८८४मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाला.

लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच झालेलं. पत्नी राधाबाई. १८९१मध्ये त्या गेल्या, मागे नऊ वर्षांचा रघुनाथ. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या आग्रहामुळे अण्णा पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले.

विधुराला त्या काळी दुसरी बायको म्हणून दहा-बारा वर्षांची मुलगी सहज मिळायची. अण्णांनी ठरवलं, करायचं तर विधवेशीच. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात गोदूबाई शिकत होत्या. अण्णांच्या मित्राची, नरहरपंत जोश्यांची ही बहीण. लहानपणीच वैधव्य आलेलं. ११ मार्च १८९३ला हे लग्न झालं आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सगळे त्यांना बाया म्हणायला लागले.

मुरुडला बहिष्कार पडला. आजच्या मुलींना बहिष्कार म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. भाचीलाही सांगितलं. बहिष्कार म्हणजे तुझ्या घरी कुणी जेवणार नाही आणि तुला कुणी पंगतीला बसू देणार नाही. म्हणजे शिक्षा ताटावरून! आपल्याकडे माणसाला जवळ करायचं ते जेवायला घालून आणि दूर लोटायचं तेही जेवण तोडून.

आणि ज्या विधवांसाठी अण्णांनी हे ओढवून घेतलं, त्यांचं ताट कसं होतं? सकेशा असो वा सोवळी, अनेक घरांत एक वेळचं जेवण, वर एकादशी, चतुर्थी, सोमवार. घरात जास्त राबायचं तिनंच, पहाटे उठायचं तिनंच, आणि खायचं सगळ्यांत कमी तिनंच. माझ्या आजीची थोरली बहीण अशीच राहिली. आजी सांगायची, तिला म्हणे भूकच लागायची नाही. आम्ही पोरी ते कौतुकानं ऐकायचो. कॉलेजात आहारशास्त्र शिकताना पहिल्यांदा लक्षात आलं की भूक न लागणं हा पुण्याचा नव्हे, दीर्घ उपासमारीचा परिणाम असू शकतो. एखाद्या बाईनं किती खायचं हे तिचं पोट ठरवत नाही, रीत ठरवते. भाचीच्या अभ्यासक्रमातला पहिला धडा हाच असणार, फक्त तो इंग्रजीत असेल.

असो. एका लग्नानं किती विधवांचं भलं होणार, हा प्रश्न अण्णांनाही पडला. शिकल्याशिवाय आणि स्वतःच्या पायावर उभं राहिल्याशिवाय बाईचं ताट भरणार नाही, हे त्यांना कळलं होतं. १८९६मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. पुण्यात प्लेगचा जोर होता. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे बुद्रुकला सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. १९००मध्ये तिथे झोपडी उभी राहिली आणि आश्रम तिकडे गेला. हेच आजचं आमचं कर्वेनगर. तेव्हा रस्ता नाही, दिवे नाहीत, पावसाळ्यात नुसता चिखल. अण्णा कॉलेजात गणित शिकवायचे आणि चार मैल चालत हिंगण्याला यायचे, येताना आश्रमाला लागणारं सामानही आणायचे. पहाटे पुन्हा चालत कॉलेजला. आज आपण कोथरूड डेपोच्या ट्रॅफिकला नावं ठेवतो!

आश्रम उभा राहिला तो एकट्या अण्णांच्या पायांवर नाही, हेही सांगायला हवं. बायांनी घर सांभाळलं, वर्गणी मागितली, आणि नवरा मिळकत संस्थेत घालतो म्हणून त्याच्याशी भांडणंही केली. ती सगळी त्यांनी ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात रोखठोक लिहून ठेवली आहेत. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा. त्या आश्रमात शिकल्या, तिथेच राबल्या आणि १९१८मध्ये अमेरिकेला गेल्या. इंग्रजी बेताचं, तरी लोकांच्या घरी कामं करून राहिल्या आणि संस्थेसाठी पैसे जमवून आणले.

आता येते मूळ गोष्ट. १९१५ साली अण्णांचं वय ५७. कॉलेजातून आदल्याच वर्षी निवृत्त झालेले. आणखी कुणी असतं तर ओटीवर बसून नातवंडांची वाट पाहिली असती. त्या डिसेंबरात मुंबईला भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. भाषणात काय बोलावं याचा विचार चालू असताना त्यांनी एक जुनं पुस्तकपाकीट पुन्हा उघडलं. बनारसच्या शिवप्रसाद गुप्त यांनी जपानहून आल्यावर पाठवलेली ती पुस्तिका होती, टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी. १९०१मध्ये सुरू झालेल्या त्या विद्यापीठात पहिले विभाग तीन. जपानी साहित्य, इंग्रजी साहित्य आणि तिसरं गृहशास्त्र! साहित्याच्या शेजारी गृहशास्त्र, तेही विद्यापीठात.

अण्णांना वाट सापडली. परिषदेत त्यांनी हिंदुस्थानात बायकांसाठी वेगळं विद्यापीठ काढायची कल्पना मांडली. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजीही हवंच, आणि जोडीला बाईच्या रोजच्या आयुष्याला भिडणारे विषय. घरव्यवस्था, आरोग्यशास्त्र, मुलांच्या मनाचा अभ्यास. १९१६च्या उन्हाळ्यात भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरू झालं. कुलगुरू, सिनेट सगळं होतं आणि विद्यार्थिनी किती? पाच! जागा, हीच हिंगण्याची. पदवीचं नाव बी.ए. नव्हे, जी.ए. म्हणजे गृहीतागमा.

टीका झाली नसती तरच नवल. सनातनी मंडळींचं म्हणणं, बायकांना पदव्या कशाला. सुधारकांतल्या काहींचं म्हणणं नेमकं उलटं, मुलांना एक आणि मुलींना वेगळा अभ्यास म्हणजे त्यांना पुन्हा चुलीपाशीच बसवणं. मैत्रिणींनो, या दुसऱ्या टीकेशी मी बरीच वर्षं मनातून सहमत होते. अण्णांच्या विचारात बाईची पहिली जागा घर हीच होती, हे खोटं नाही. उत्तम गृहिणी, सुजाण आई घडावी म्हणून त्यांनी हे विषय घेतले. कुणी म्हणेल, माझ्या कांदेपोह्यांची मुळं तिथेच आहेत. म्हणू दे.

पण एक गोष्ट मला आता, साठीकडे झुकताना दिसते. तोवर घरात काय शिजतं, कोण किती खातं, बाळ का दगावतं, या गोष्टी ज्ञान म्हणून कुणी मोजतच नव्हतं. ती बायकांची कटकट होती. अण्णांनी त्यावर परीक्षा ठेवली, पदवी ठेवली. आणि ज्या गोष्टीची परीक्षा होते तिच्यावर प्रश्नही विचारता येतात. लक्षात घ्या, व्हिटॅमिन हा शब्दसुद्धा तेव्हा अवघ्या चार वर्षांचा होता, १९१२मध्ये जन्मलेला! आहाराचं शास्त्र जगातच रांगत होतं आणि आरोग्याचा अभ्यास हिंगण्याच्या माळावर मराठीतून करायचं घाटत होतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १९२०मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली, त्यांच्या मातोश्रींचं नाव विद्यापीठाला मिळालं आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी म्हणजे आपलं एसएनडीटी झालं. नाव मोठं झालं तरी पदवीला सरकारमान्यता यायला १९५१ उजाडलं. म्हणजे पस्तीस वर्षं मुली अशी पदवी घेत राहिल्या, जिला सरकारदरबारी किंमत नव्हती. काय उपयोग, हा माझ्या भावाचा प्रश्न त्यांच्याही वडिलांनी आणि भावांनी विचारलाच असेल की!

अण्णा मात्र थांबले नाहीत. ७१व्या वर्षी जगप्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान. बर्लिनमध्ये आइन्स्टाइनना भेटले, जपानात महिला विद्यापीठ डोळ्यांनी पाहिलं, सगळीकडे आपल्या संस्थेसाठी हात पसरला. मग आफ्रिकेची वारी केली. १९३६मध्ये खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं, १९४४मध्ये जातिभेदाविरुद्ध समता संघ. आश्रम उच्च जातीतल्या विधवांपासून सुरू झाला होता, समतेपर्यंत यायला त्यांना उशीर लागला, पण ८६व्या वर्षी का होईना, ते आले. १९५८मध्ये शंभराव्या वर्षी भारतरत्न. ९ नोव्हेंबर १९६२ला ते गेले, वय १०४.

थोरला मुलगा रघुनाथ म्हणजे र. धों. कर्वे. त्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक चालवलं. भाचीला म्हटलं, बघ गं, पब्लिक हेल्थला मराठी शब्द तुला या घरात मिळतो. वडिलांनी घर विद्यापीठात नेलं, मुलानं घरातला सगळ्यांत झाकलेला विषय चव्हाट्यावर आणला. दोघांनीही शिव्या खाल्ल्या.

झोपडीजवळच्या सावलीत बसून भाचीनं तिच्या वडिलांना अभ्यासक्रमाचा कागद दाखवला. त्यात पाककृती एकही नव्हती. होतं काय? संख्याशास्त्र, साथरोगांचा अभ्यास, वाढीचे तक्ते, सरकारी योजनांचं मूल्यमापन, वस्त्यांमध्ये जाऊन काम. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते अतितीव्र कुपोषित, ही मोजपट्टी. बाईचं हिमोग्लोबिन १२च्या खाली, गरोदर असेल तर ११च्या खाली, म्हणजे ॲनिमिया. भाऊ जरा गप्प झाला. तो स्वतः अकाउंट्सचा माणूस. आकडे दिसले की त्याचा चेहरा बदलतो.

मग मीही माझं जुनं ज्ञान बाहेर काढलं. १९९३मध्ये पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी जवळच्या सहा गावांत बायकांचा अभ्यास सुरू केला. गरोदर होण्याआधी त्या बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास आणि बाळांचं २.७ किलोच्या आसपास. शेतात राबणाऱ्या बायका त्या! ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं जास्त भरलेली निघाली. म्हणजे आपली आई पालेभाजी खा म्हणायची ते बरोबरच होतं. पण आईच्या सांगण्यावरून सरकारची योजना बदलत नाही. त्यासाठी गावोगाव जाऊन, वजनं करून, पुरावा मांडणारं माणूस लागतं. आपल्या कमला सोहोनी केंब्रिजहून जीवरसायनशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन आल्या आणि पुढे गरिबाच्या नीरेत काय पोषण आहे हे प्रयोगशाळेत तपासत बसल्या, ते काय उगीच?

आणि आजचं चित्र? २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, सुमारे ५४ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुलं वयाच्या मानानं बुटकी. अंगणवाड्या १९७५पासून आहेत. धान्याची कोठारं भरलेली आहेत. मग हे का, याचं उत्तर रेसिपीच्या पुस्तकात नाही, ते कुणीतरी शोधायला हवं ना?

भावाला मी शेवटी एकच आठवण करून दिली. आपल्या आईचं ऑपरेशन ठरलं तेव्हा रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सात. डॉक्टर चिडले. आपण सगळे कितीतरी वर्षं म्हणत होतो, आई दमते, वय झालं. ती सगळ्यांना पालेभाजी वाढायची आणि शेवटी पातेलं पुसून घ्यायची, हे आपल्यापैकी कुणी बघितलं का? मी तर पदवीधर होते या विषयात. मीही नाही बघितलं.

तो काही बोलला नाही. येताना त्यानं कोपऱ्यावरून पालकाची जुडी मात्र घेतली.

दुपारी जेवणं झाली. भाऊ, माझे यजमान, भाची आधी बसले, मी गरम पोळ्या करत होते. भाची हात धुऊन वही घेऊन ओट्यापाशी आली. म्हणाली, आत्या, प्रॅक्टिस करू दे. काल सकाळपासून आत्तापर्यंत तू काय काय खाल्लंस, वाटीच्या मापात सांग. चोवीस तासांचा आहार आठवून लिहायची ही पद्धत मी स्वतः शिकलेली! सांगायला लागले. चहा दोन कप, परत एक. सकाळी उरलेली अर्धी पोळी. दुपारी भात आणि आमटी, भाजी संपली होती. रात्री खिचडी, थोडीच. आज सकाळी चहा. वहीतला फळांचा रकाना कोरा, दुधाचा रकाना म्हणजे चहापुरतं, पालेभाजी शून्य. ती काही न बोलता माझ्याकडे बघत राहिली आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तिनं पुढच्याच आठवड्यात फॉर्म भरला. फीचा चेक भावानं दिला. मी रक्त तपासून आले. साडेनऊ. म्हणजे ज्या शास्त्रासाठी एक गणिताचा मास्तर या माळावर चिखल तुडवत होता, ते शास्त्र त्याच माळावर राहणाऱ्या, पदवी घेतलेल्या बाईच्या ताटापर्यंतही अजून पुरतं पोचलेलं नाही.

आता आमच्याकडे नवीन नियम आहे. पोळ्या आधी करून डब्यात आणि सगळ्यांनी एकदम बसायचं. गार पोळीबद्दल यजमानांची कुरकुर चालू आहे, चालू दे. तुम्हीही आज रात्री एक वही घ्या आणि कालपासून आपण स्वतः काय खाल्लं ते लिहून पाहा. लिहिताना लाज वाटली तर माझी आठवण काढा.